रॉ फाईल आमची, मग किल्ली तुमच्याकडे का?

प्रति,
कॅमेरे बनवणाऱ्या सगळ्या कंपन्या, त्यांची भारतातली ऑफिसं, आणि रॉ फाईलची सॉफ्टवेअर विकणारे सगळे

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

मी सांगलीत लग्नाचे फोटो काढतो, सतरा वर्षं झाली. तुमच्यातल्या दोन कंपन्यांच्या मिळून सात बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचे नुसते कॅमेरे, आत्तापर्यंत घेतल्यात, त्यातल्या पाच हप्त्यावर, तेव्हा हे पत्र एका जुन्या गिऱ्हाईकाचं आहे असं समजून वाचा. माझ्या कॅमेऱ्याच्या कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये. आमच्या लायनीत नाव घेतलं की मूळ विषय बाजूला राहतो आणि कुठला ब्रँड भारी यावर दोन दिवस भांडणं चालतात. शिवाय जे माझ्याबाबतीत झालं ते थोड्याफार फरकाने तुम्ही सगळेच करता.

झालं असं, तुळशीचं लग्न झालं, तारखा सुरू झाल्या आणि मी नवीन बॉडी घेतली. पहिली ऑर्डर मिरजेत हळदीची. मांडवात पिवळं कापड, वर जांभळे पार लाइट म्हणजे स्टेजचे दिवे, मधे बल्बच्या माळा, म्हणजे रंगाच्या दृष्टीने जेवढा घोळ घालता येईल तेवढा घातलेला, आणि अशा ठिकाणी जेपीजी काढून भागत नाही म्हणून मी कायम रॉ, म्हणजे सेन्सरवरची कच्ची फाईल, काढतो. रात्री दीडला घरी आलो, सकाळी कार्ड लावलं तर सॉफ्टवेअरमध्ये नुसते राखाडी चौकोन. दोन हजार तीनशे राखाडी चौकोन. खाली मेसेज की हा फाईल प्रकार ओळखता येत नाही. आणि तिकडे नवरीच्या भावाचा दहा वाजल्यापासून फोन, दादा स्टेटसला टाकायला तीस-चाळीस तरी द्या ना.

सोबत जेपीजी पण काढायच्या होत्या असं कुणी म्हणेल. बरोबर आहे, चुकलंच. पण इतक्या वर्षांत कधी गरज पडली नव्हती.

त्या दिवशी वेळ कशी निभावली ते सांगतो, कारण बऱ्याच जणांना हे माहीत नसतं. जवळजवळ प्रत्येक रॉ फाईलच्या पोटात एक तयार जेपीजी असते, कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर दिसते तीच. एक्झिफटूल नावाचं एक फुकट सॉफ्टवेअर आहे, फिल हार्वे नावाचा माणूस २००३ पासून ते सांभाळतोय, त्याने मी त्या सगळ्या जेपीजी बाहेर काढल्या आणि चाळीस पाठवून दिल्या. त्यात हळद हिरवट दिसत होती, नवरीच्या मावशीने लगेच विचारलं की हळद शिळी होती का. स्टेटसपुरतं चाललं. अल्बमला चालणार नव्हतं.

मग तुमच्या कस्टमर केअरला फोन. पाऊण तास हिंदीत माझ्याच कॅमेऱ्याचा सिरीयल नंबर मला परत परत वाचून दाखवल्यावर सांगितलं की आमचं स्वतःचं सॉफ्टवेअर फुकट आहे, ते वापरा. ते माझ्या विंडोजवर चढलंच नाही, नवीन विंडोज पाहिजे. मी ज्याचं कायमचं लायसन्स पैसे मोजून घेतलंय त्या सॉफ्टवेअरवाल्यांना विचारलं तर ते म्हणाले त्या व्हर्जनला आता नवीन कॅमेरे येणार नाहीत, महिन्याच्या भाड्याचं घ्या. आणि भाड्याच्याला पण नवीन विंडोज, नवीन ग्राफिक कार्ड, जास्त रॅम. म्हणजे बॉडी घेतली की सॉफ्टवेअर, सॉफ्टवेअर घेतलं की पीसी, आणि हे सगळं लग्नसराईच्या ऐन तोंडावर. बॉडी विकताना दुकानदाराने बॅग फुकट दिली, ट्रायपॉड फुकट दिला, ही फाईल तुमच्याकडे उघडणार नाही हे एवढंच सांगितलं नाही, आणि त्याला तरी कुठून माहीत असणार, तुमच्या डब्यावर कुठे ते लिहिलेलं नाहीये.

आता खरी गंमत. वैतागून मी त्याच एक्झिफटूलने एक उद्योग केला. फाईलच्या कॉपीत कॅमेऱ्याच्या मॉडेलचं नाव लिहिलेलं असतं, ते पुसलं आणि त्या जागी तुमच्याच आधीच्या मॉडेलचं नाव टाकलं. फाईल उघडली! त्याच जुन्या सॉफ्टवेअरमध्ये, त्याच जुन्या पीसीवर, सगळे दोन हजार तीनशे फोटो. म्हणजे आतला डेटा त्याला आधीपासूनच वाचता येत होता, फक्त नाव यादीत नव्हतं म्हणून दारात उभं केलेलं. रंग थोडे इकडचे तिकडे झाले ते हाताने जुळवले, तीन रात्री गेल्या. प्रत्येक कॅमेऱ्याला ही युक्ती चालत नाही, माझ्या नशिबाने चालली. पण त्या दिवसापासून डोक्यात बसलंय की तुम्ही ज्याला अपडेट म्हणता त्यात नवीन किती असतं आणि नुसती नावाची पाटी किती असते.

जे फोटोग्राफर नाहीत त्यांच्यासाठी जरा थांबून सांगतो की हे रॉ प्रकरण काय आहे. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर जे कोट्यवधी ठिपके असतात त्यातल्या प्रत्येकाला एकच रंग दिसतो. कोडॅकमध्ये ब्राइस बायर म्हणून होते, त्यांच्या १९७६ च्या पेटंटमधली मांडणी आजही बहुतेक कॅमेऱ्यांत आहे, निम्मे ठिपके हिरवे, पाव लाल, पाव निळे. प्रत्येक ठिकाणचे बाकीचे दोन रंग शेजारच्या ठिपक्यांवरून सॉफ्टवेअर अंदाजाने भरतं. म्हणजे तुम्ही जो फोटो बघता त्यातला दोन तृतीयांश रंग हा हिशेब करून भरलेला असतो. जेपीजीत हा हिशेब कॅमेराच करून टाकतो आणि उरलेलं फेकून देतो, प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या हातात राहतात. १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४ असतात. जांभळ्या लाइटखालची हळद परत हळदीसारखी दिसावी म्हणून आम्हाला त्या पायऱ्या लागतात. आणि हा हिशेब नीट व्हायचा तर त्या मॉडेलच्या सेन्सरची माहिती लागते, काळा कुठून सुरू होतो, पांढरा कुठे संपतो, त्याचा लाल म्हणजे नेमका कुठला लाल. थोडेसे आकडे असतात हो. एका पानावर मावतील एवढे.

ते पान तुम्ही देत नाही, ही माझी पहिली तक्रार. आणि सगळ्यात मोठी पण हीच.

तुम्ही देत नाही म्हणून दुसऱ्या कुणाला तरी ते शोधून काढावं लागतं. अमेरिकेत डेव्ह कॉफिन नावाच्या एका माणसाने १९९७ मध्ये डीसीरॉ नावाचा प्रोग्राम लिहायला घेतला, सी भाषेतली एकच लांबलचक फाईल, आणि पुढे वीस वर्षं एकेका कॅमेऱ्याचा फॉरमॅट उकलून त्यात घालत राहिला. शेवटचं व्हर्जन २०१८ चं. लिबरॉ नावाचा रॉ वाचणारा कोड त्याच्याच कामावर उभा आहे, आणि पुढे कितीतरी फुकट आणि विकतच्या सॉफ्टवेअरने त्याचा कोड वापरला. एक माणूस! तुमच्याकडे इंजिनियरांचे मजलेच्या मजले आहेत, ज्यांनी तो फॉरमॅट बनवला ते तिथेच बसलेत, आणि तो कसा वाचायचा हे जगाने बाहेरून चाचपडत शोधायचं.

काही वेळा तर तुम्ही मुद्दाम कुलूप घातलंय. निकॉनने २००५ च्या सुमाराला डी२एक्स कॅमेऱ्याच्या फाईलमधला व्हाइट बॅलन्स एन्क्रिप्ट केला होता, फोटोशॉप बनवणारे थॉमस नॉल यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली, कॉफिनने ते कुलूप फोडलं पण. व्हाइट बॅलन्स, म्हणजे फोटो काढताना कॅमेऱ्याने कुठला पांढरा धरला होता एवढीच नोंद, यात लपवण्यासारखं काय असतं हे मला आजतागायत कळलेलं नाही. मग कॅननने २०१८ ला एम५० कॅमेऱ्याबरोबर सीआर३ हा रॉचा नवीन फॉरमॅट आणला. डार्कटेबल हे फुकट सॉफ्टवेअर, त्यात सीआर३ उघडायला लागलं डिसेंबर २०२१ च्या ३.८ व्हर्जनमध्ये. फॉरमॅट उकलायला लागलेला वेळ एकीकडे आणि पेटंटचं काही लचांड मागे लागेल का ही भीती दुसरीकडे. साडेतीन वर्षांहून जास्त गेली त्यात, तेवढ्यात आमच्याकडे माणसं बॉडी बदलतात. त्याच २०२१ मध्ये निकॉनच्या झेड९ कॅमेऱ्यात फाईल लहान करायचं नवीन तंत्र आलं, ते इंटोपिक्स या बेल्जियमच्या कंपनीचं. फाईल लहान होते, फोटो चांगलाच राहतो, सगळं मान्य. पण त्या फाईली फुकट सॉफ्टवेअरवाल्यांना पुढे वर्षानुवर्षं उघडता आल्या नाहीत.

दुसरी तक्रार सॉफ्टवेअर विकणाऱ्यांकडे. नवीन कॅमेरा यादीत घालणं आणि नवीन फीचर देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या तुम्ही एकाच पुडीत बांधता. मला आकाश बदलणारं बटन नको, चेहरा गुळगुळीत करणारं बटन नको, एआय तर नकोच नको, मला माझ्या फाईल त्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडायच्यात ज्याचे पैसे मी दिलेत. त्यासाठी वेगळे थोडे पैसे मागा, देतो की. पण तुम्ही तो पर्यायच ठेवत नाही.

तिसरी तक्रार जरा लांबची आहे पण ती सांगितल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत पुराचं पाणी आलं ते सगळ्यांना माहीत आहे. आमचं दुकान तळमजल्यावर, त्यामुळे पीसी, अल्बमच्या तयार शीट, गिऱ्हाइकांना दिलेल्या जेपीजींच्या डिस्क, सगळं पाण्यात. रॉ फाईलींच्या डिस्क घरी, दुसऱ्या मजल्यावर, त्या वाचल्या. पाणी ओसरल्यावर गावभागातल्या एक काकू आल्या, पिशवीत त्यांच्या मुलीच्या लग्नाचा अल्बम. २०१२ चं लग्न. पानं एकमेकांना चिकटून वीट झालेली, कडेने चिखल. त्या एवढंच म्हणाल्या की परत छापून दे बाबा, पैसे हळूहळू देते. म्हटलं काकू, फाईल आहेत माझ्याकडे, काळजी करू नका.

फाईल होत्या. पण २०१२ ला मी ते फोटो एडिट केले होते एका विकतच्या सॉफ्टवेअरमध्ये, जे कॅमेऱ्याच्या कंपनीनेच विकलं होतं, सीडी आणि लायसन्स की असलेल्या डब्यात. ते एडिट त्या रॉ फाईलच्या आतच साठवले जायचे, कुठला चेहरा उजळ केला, कुठे क्रॉप केलं, सगळं. मधल्या काळात कंपनीने ते सॉफ्टवेअर बंद करून त्या जागी दुसरं आणलेलं, आणि त्या दुसऱ्याला पहिल्याचे एडिट वाचता येत नाहीत. फोटो उघडायचा, पण कॅमेऱ्यातून निघाला तसा. एका मित्राकडचा जुना विंडोज ७ चा पीसी आणला, सीडी घातली, की टाकली, तर म्हणे ॲक्टिव्हेशन सर्व्हरशी संपर्क होत नाही. माझं काम माझ्याच फाईलच्या पोटात पडलेलं आणि ते वाचणारं जगात काही उरलेलं नाही. शेवटी त्या चिकटलेल्या अल्बमची जेवढी पानं सुटली तेवढी समोर ठेवून सहाशे फोटो परत केले. पहिल्यासारखे नाही झाले. काकूंना फरक कळला नाही, निदान बोलल्या तरी नाहीत, आणि पैसे मी घेतले नाहीत.

असं करणारे फक्त तेच नव्हेत. ॲपलने ॲपर्चर हे फोटो एडिट करायचं सॉफ्टवेअर २०१४ ला बंद करायचं जाहीर केलं, २०१५ ला विक्री थांबवली, आणि २०१९ च्या मॅकओएसवर ते चालेनासंच झालं. ज्यांनी दहा वर्षांचं काम त्यात केलं होतं ते बसले शोधत. धंद्यात माल बंद करावा लागतो, ते मला कळतं, आमच्याकडे पण व्हीएचएसची कॅसेट बंद झाली. पण बंद करताना किल्ली दाराला लटकवून जा ना.

चौथी गोष्ट डीएनजीची. फोटोशॉपवाल्या ॲडोबीने २००४ ला रॉचा हा खुला फॉरमॅट आणला, कसा लिहायचा कसा वाचायचा ते सगळं छापून मोकळे झाले, रंगाचे ते आकडे त्या फाईलीतच बसतात, त्यामुळे सॉफ्टवेअरच्या यादीत कॅमेऱ्याचं नाव नसलं तरी ती उघडते. लायका ही कॅमेरा कंपनी ते वापरते, पेंटॅक्सच्या २००६ च्या के१०डी मध्ये मेन्यूत सरळ पर्याय होता, तुमची रॉ की डीएनजी, काय पाहिजे ते घ्या. अँड्रॉइडमध्ये २०१४ पासून आहे. आणि माझ्याबरोबर ड्रोनवाला पोरगा असतो, त्याच्या ड्रोनची रॉ डीएनजीच असते, त्या हळदीच्या दिवशी त्याच्या फाईली माझ्या त्याच जुन्या सॉफ्टवेअरमध्ये पहिल्या झटक्यात उघडल्या. तो बाजूला बसून हसत होता. माझी बॉडी त्याच्या ड्रोनच्या दुपटीहून महाग.

डीएनजी म्हणजे सगळ्यावर औषध असं मी म्हणत नाही. तुमची रॉ बाहेर कन्व्हर्टरने डीएनजी करायची म्हटली तर त्या कन्व्हर्टरला पण तुमचा नवीन कॅमेरा आधी कळावा लागतो, म्हणजे परत वाट बघणं आलंच, आणि वर दोन-तीन हजार फायलींना रात्र जाते. म्हणूनच तो पर्याय कॅमेऱ्याच्या आत पाहिजे.

आता थोडं आमच्याच लोकांना. हे पत्र वाचून तुम्ही म्हणाल लई बोलतोस, आधी सांग तुमच्या सांगली-कोल्हापुरात किती स्टुडिओंत विकतचं सॉफ्टवेअर आहे. खरं आहे. मी स्वतः सात वर्षं क्रॅक, म्हणजे पैसे न देता कुलूप फोडलेलं सॉफ्टवेअर, वापरलंय, पेन ड्राइव्हवर एकाकडून दुसऱ्याकडे यायचं ते, कॅमेऱ्याच्या कंपनीचं ते सीडीवालं एक सोडलं तर २०१५ ला पहिल्यांदा पैसे देऊन लायसन्स घेतलं. क्रॅक वापरणाऱ्याला तक्रार करायची सोय नसते, कुणाकडे करणार, त्यामुळे आपल्याकडून आवाजच जात नाही. आणि जी फुकट सॉफ्टवेअर आहेत, डार्कटेबल किंवा गाबोर होर्वाथने २००४ ला सुरू केलेलं आणि २०१० ला सगळ्यांसाठी खुलं केलेलं रॉथेरपी, त्यांच्याकडे आपण बघतच नाही कारण फुकट म्हणजे हलकं असा समज. मी या सीझनला डार्कटेबल शिकलो. खोटं सांगत नाही, पहिले पंधरा दिवस डोकं फिरलं, एका एका कामाला चार चार पद्धती, मराठीत धड कुणी शिकवणारं नाही. पण वर्षातून दोनदा, जूनच्या सुमाराला आणि नाताळला, नवीन व्हर्जन येतं, त्यात नवीन कॅमेरे असतात, आणि हे सगळं नोकरी-धंदा सांभाळून काम करणारी माणसं करतात.

त्यांना नवीन कॅमेरा यादीत घ्यायला त्याच्या नमुन्याच्या फाईली लागतात. लोकांनी पाठवलेल्या अशा रॉ फाईलींचा एक खुला संग्रह आहे, पिक्सल्स नावाच्या मंडळींचा, तिथे प्रत्येक मॉडेलचे नमुने लागतात, १४ बिट, १२ बिट, कंप्रेस्ड, अनकंप्रेस्ड, सगळे प्रकार, आणि त्यावर हक्क सोडावा लागतो. मी माझ्या बॉडीचे पाठवले. अंगणातल्या तुळशीवृंदावनाचे फोटो आहेत, सकाळी आठच्या उन्हात, बायको मागून विचारत होती की एकाच तुळशीचे एवढे फोटो कशाला. तिला काय सांगणार, की एवढ्या मोठ्या कंपनीचा कॅमेरा जगातल्या सॉफ्टवेअरला कळावा म्हणून सांगलीतला फोटोग्राफर तुळशीचे फोटो काढतोय.

हे काम तुमचं होतं. म्हणून मागण्या सरळ लिहितो.

एक, ज्या दिवशी कॅमेरा दुकानात येतो त्या दिवशी त्याच्या रॉ फाईलचं कागदपत्र सगळ्यांसाठी खुलं करा. करार नको, सही नको, ईमेल करून परवानगी मागायला लावू नका, नुसतं ठेवा. सोबत प्रत्येक प्रकारच्या नमुना फाईली आणि रंगाचे आकडे. तुमचा फोटो भारी कसा दिसतो याची जी गुपितं तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये आहेत ती ठेवा तुमच्याकडे, ती कुणी मागत नाहीये.

दोन, मेन्यूत डीएनजीचा पर्याय द्या. नवीन बॉडीत तर द्याच, पण दोन-तीन वर्षं जुन्या बॉडींना फर्मवेअरने, म्हणजे कॅमेऱ्याच्या आतलं सॉफ्टवेअर अपडेट करून, देणं जमणार असेल तर तेही द्या, आणि जमणार नसेल तर का नाही ते सांगा.

तीन, फाईलमधली कुठलीही नोंद एन्क्रिप्ट करू नका. आणि फाईल लहान करायचं तंत्र दुसऱ्याकडून विकत घेतलं असेल तर ते उलगडायचा कोड सगळ्यांना वापरता येईल असा करार त्या कंपनीशी करा, तो खर्च तुमच्या बॉडीच्या किमतीत आम्ही भरतोच आहे.

चार, सॉफ्टवेअर बंद केलंत तर शेवटचं व्हर्जन ॲक्टिव्हेशन काढून डाउनलोडला ठेवा, आणि त्यातले एडिट कसे साठवलेत ते लिहून जाहीर करा. कायमचं लायसन्स म्हणून विकलं असेल तर निदान पाच वर्षं नवीन कॅमेरे त्यात घाला. वाटल्यास पैसे घ्या.

पाच, डब्यावर लिहा. ही फाईल आजच्या तारखेला कुठल्या सॉफ्टवेअरच्या कुठल्या व्हर्जनपासून उघडते आणि त्याला कुठली विंडोज लागते, दोन ओळी, मराठीत पण, एमआरपी छापता तिथेच खाली.

कस्टमर केअरने माझी तक्रार "सोडवली" म्हणून बंद केली आहे, ती परत उघडावी ही सहावी आणि वैयक्तिक मागणी. मिरजेच्या त्या लग्नाचा अल्बम अजून लॅबमध्ये आहे, हळदीची आठ पानं मी दुसऱ्यांदा करायला घेतलीत, कारण या बॉडीचे खरे रंग आता डार्कटेबलमध्ये आलेत आणि पिवळा पहिल्यांदा पिवळ्यासारखा दिसतोय. पार्टीला सांगितलंय आठवडा उशीर होईल.

तुमच्या उत्तराची वाट बघतोय. हिंदीत, इंग्रजीत, कशातही द्या.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक लग्नाचा फोटोग्राफर
सांगली